मातीवरील अंगठा

आमच्या घरीं गणपति शाडूचा येतो, आणि दीड दिवसानें वाड्यामागच्या हौदांत त्याचें विसर्जन होतें. लहानपणीं आरतीचें तबक घेऊन मोठीं माणसें घराकडे वळलीं, कीं मी मागें रेंगाळून हौदांत वांकून पाहात असें. प्रथम रंग सुटे, मग सोंडेचें टोंक विरे, बोटें गळून पडत, आणि थोड्या वेळानें पाण्यांत एक गढूळ ढग तेवढा उरे. मला त्याचें दुःख होत नसे. उलट जें जेथून आलें तें तेथें नीट परत गेलें, असें कांहींसें समाधानच वाटे.

अशा संस्कारांत वाढलेल्या माणसाची मातीच्या मूर्तीविषयीं एक ठाम समजूत होऊन बसते. मातीनें विरावें, आणि टिकण्याचें काम दगडानें व धातूनें करावें. आपल्याकडे शिल्पाविषयीं जें लिहिलें जातें त्यांतहि बहुधा हीच समजूत मुरलेली असते. वेरूळच्या पाषाणावर आणि दक्षिणेकडील पंचधातूच्या मूर्तींवर आपण भरभरून बोलतों. भाजलेल्या मातीची मूर्ति मात्र खेळण्यांच्या नाहीं तर उत्खननांतील किरकोळ वस्तूंच्या फडताळांत जाते. दुसऱ्यांस कशाला बोल लावूं? मीहि बरींच वर्षें संग्रहालयांतील मृण्मूर्तींचीं दालनें भराभर ओलांडून पुढें जात असें.

माझी ही समजूत मोडली ती ग्रंथ वाचून नव्हे, तर घरांत एक बैल फुटला म्हणून. पोळ्यास आमचे वडील आम्हां मुलांकरितां काळ्या मातीचे बैल करीत. ते शाळामास्तर होते, कारागीर नव्हते. त्यांचे बैल डुकरासारखे दिसत, असें आई उघडच म्हणे. एका वर्षीं मात्र त्यांना एक बैल साधला, आणि तो भाजून ठेवावा अशी त्यांना हौस वाटली. कुंभारानें तो हातांत घेऊन जोखला आणि म्हटलें, "मास्तर, हा भरीव आहे. पोट पोखरा, नाहीं तर आव्यांत बार होईल." मातीच्या पोटांत राहिलेल्या ओलाव्याची वाफ होते आणि बाहेर पडण्यास वाट न मिळाल्यास ती मूर्ति फोडते, हें शास्त्र मी प्रथम तेव्हां ऐकलें. वडिलांनीं बैल उभा चिरला, आंतून कोरला, आणि दोन्ही भाग पुन्हां चिकटवून कुंभाराच्या हवालीं केला.

पुढें चाळीस वर्षें तो बैल कोनाड्यांत उभा होता. घरास रंग देतांना गड्याच्या हातून तो पडला आणि त्याचे चार तुकडे झाले. ते गोळा करीत असतां पोटाकडच्या तुकड्याच्या आंतल्या बाजूस मला एक अंगठा दिसला. सांधा पक्का करण्यासाठीं वडिलांनीं आंतून दाबलेला तो अंगठा. त्यावरील रेषा न् रेषा शाबूत. वडिलांस जाऊन तेव्हां वीस वर्षें झालीं होतीं. त्यांच्या सह्या माझ्याजवळ पुष्कळ आहेत, छायाचित्रेंहि आहेत. पण सही शाईची असते आणि छायाचित्र उजेडाचें. येथें त्यांनीं दाबलें होतें, आणि तें दाबणें तसेंच राहिलें होतें.

यामागचें कारण अगदीं साधें आहे. वाळलेली माती पाण्यांत घातल्यास पुन्हां चिखल होते. पण आंच सुमारें ५०० ते ६०० अंश सेल्सियसच्या घरांत गेली, कीं मातीच्या कणांतच बद्ध असलेलें पाणी निघून जातें आणि तिची जात बदलते. यानंतर ती फुटेल, पण विरणार नाहीं. पाथरवट दगडांतून नको तें काढून टाकतो. त्याच्या बोटांचा दगडास स्पर्श होतो तो छिन्नीच्या मध्यस्थीनें. ओतीव धातूंत हाताची खूण येते, पण ती मेणावरील खुणेची नक्कल असते. माती मात्र खुद्द ज्या हातानें दाबली त्याच हाताची खूण अग्नि कायम करतो. तेव्हांपासून भाजलेल्या मातीचें कोणतेंहि शिल्प पाहतांना मी प्रथम तो अंगठा शोधूं लागलों. समीक्षकाची ही कसोटी कितपत ग्राह्य आहे याची मला स्वतःलाच शंका आहे. पुढें जें लिहीत आहें तें ती कसोटी कोठें टिकली आणि कोठें मोडली याचा हिशेब समजावा.

ती सर्वांत अधिक टिकली ती रोममध्यें. तेथें व्हिला जुलिया नांवाच्या जुन्या प्रासादांत एत्रुस्कन लोकांच्या अवशेषांचें संग्रहालय आहे. रोमच्या उदयापूर्वीं मध्य इटलींत जे संपन्न लोक नांदले ते हे एत्रुस्कन. त्यांच्या चेर्वेतेरी येथील दफनभूमींत १८८१ सालीं एक मृण्मय शवपेटी सांपडली. सांपडली म्हणजे तिचे सुमारें ४०० तुकडे सांपडले. ते संग्रहालयासाठीं १८९३ मध्यें विकत घेतले गेले आणि मग सांधले गेले. तिचा काळ इ. स. पू. ५२० च्या सुमाराचा मानतात. पेटीचा आकार भोजनाच्या मंचकासारखा आहे, लांबी १९० सेंटिमीटरांच्या आसपास; आणि त्या मंचकावर एक जोडपें डाव्या कोपरावर रेलून बसलें आहे.

पुरुष मागें, स्त्री पुढें. त्याची छाती उघडी, दाढी नीट कातरलेली. तिच्या डोक्यास टोपी आणि पायांत टोंकदार जोडे. त्याचा उजवा हात तिच्या खांद्यावर पडला आहे. दोघांच्याहि मुखावर स्मित आहे. त्या काळच्या ग्रीक मूर्तींतहि असेंच सांचेबंद स्मित आढळतें, तेव्हां त्यावरून त्यांच्या संसाराचें सुख मोजूं नये, हें मी जाणतों. पण हातांचें काय? चारी हात कांहींतरी करण्यांत गुंतले आहेत. बोटें वळलेलीं, तळवे उघडे. आणि त्यांत ज्या वस्तु होत्या त्या नाहींशा झाल्या आहेत. ती त्याच्या तळहातावर सुगंधी तेल ओतीत असावी, असा पंडितांचा एक तर्क आहे. तो खरा असो वा नसो. रिकाम्या झालेल्या त्या हातांमुळें दोघेंहि आतां जणूं बोलत आहेत, आणि बोलण्याचा विषय तेवढा हरवला आहे.

शरीरशास्त्राच्या दृष्टीनें ही कृति सदोष आहे. कंबरेपर्यंत देह जिवंत. कंबरेखालीं शिल्पकाराचें लक्षच उडालें. पाय एखाद्या घडी घातलेल्या चादरीसारखे सपाट पडले आहेत, आणि धड ज्या कोनांत वळलें आहे त्या कोनांत कोणतेंहि माणसाचें धड वळणार नाहीं. संगमरवरांत हा दोष मला सहन झाला नसता. मातींत तो खटकत नाहीं, कारण करणाऱ्याचें प्रेम कोठें होतें तें त्यावरून स्पष्ट कळतें. तें चेहऱ्यांत आणि हातांत होतें. त्या मूर्तीपुढें उभा असतां मला आमच्या आजी-आजोबांचा फोटो आठवला. आजोबा खुर्चींत, आजी खुर्चीमागें उभी. दोघांच्या मध्यें एक वीतभर अंतर, जें फोटोवाल्यानें सांगूनहि कमी झालें नसतें. एत्रुस्कन स्त्रिया पुरुषांच्या पंक्तीस बसून जेवतात, याचा ग्रीक लेखकांस मोठा अचंबा वाटे, आणि त्यांनीं त्यावर नाहीं नाहीं तें लिहून ठेविलें. त्या लेखकांची बाजू आमच्या आजोबांना पटली असती. मला मात्र तेथून हलवेना.

आतां कसोटीस सुरुंग लावणारी गोष्ट. न्यू यॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयानें १९१५ ते १९२१ या अवधींत तीन मोठीं एत्रुस्कन मृण्मय शिल्पें विकत घेतलीं. दोन योद्धे आणि एक प्रचंड मस्तक. १९३३ मध्यें तीं तिन्ही लोकांपुढें एकत्र मांडण्यांत आलीं. पुढें तीस वर्षांच्या आंत तीं बनावट ठरलीं. योद्ध्यांवरील काळ्या झिलईचें पृथक्करण केलें असतां तींत मँगनीज आढळलें. प्राचीन ग्रीक-एत्रुस्कन कुंभार काळा रंग मातींतील लोहापासून, आव्यांतील हवा कमीजास्त करून काढीत. मँगनीजची ही युक्ति त्यांची नव्हे. आणि मग १९६१ च्या जानेवारींत आल्फ्रेदो फियोरावांती नांवाचा एक वृद्ध रोममधील अमेरिकन वकिलातींत गेला आणि आपण आपल्या सोबत्यांसह हीं शिल्पें घडविल्याचा कबुलीजबाब त्यानें लिहून दिला. पुरावा म्हणून त्याच्याजवळ मातीचा एक अंगठा होता. एका योद्ध्याच्या हातास अंगठा नव्हता. काळाच्या ओघांत तो गळाला असें सर्वांनीं धरलें होतें. फियोरावांतीनें तो आठवण म्हणून स्वतःजवळ ठेविला होता. तो योद्ध्याच्या हातास लावून पाहिला, बरोबर बसला!

या कारागिरांपाशीं एवढ्या आकाराचा आवा नव्हता. म्हणून त्यांनीं पुरा योद्धा उभा केला, कच्चा असतांनाच त्याचे तुकडे पाडले, ते निरनिराळे भाजले, आणि जुन्या अवशेषासारखे विकले. म्हणजे चेर्वेतेरीचें जोडपें अडीच हजार वर्षांत फुटलें, आणि हा योद्धा जन्मतःच फोडला गेला. हें वाचून प्रथम हंसूं येतें. पण मला त्यांतील एक प्रश्न आजतागायत छळतो आहे. माझी कसोटी हाताच्या खुणेची. आणि या योद्ध्यांवर हाताची खूण नव्हती असें कोण म्हणेल? हात खरा होता, दाब खरा होता, आंच खरी होती. खोटी होती ती फक्त तारीख. ज्यांनीं १९३३ पासून त्यांच्यापुढें उभें राहून रोमांच अनुभवले, त्यांचे रोमांच खोटे होते काय? छायाचित्रांत मीं तो मोठा योद्धा पाहिला आहे. तो गुरगुरतो खरा, पण कोणावर तें त्याला ठाऊक नाहीं. नाटकांत अखेरच्या क्षणीं उभा केलेल्या भालदारासारखा तो वाटतो. मात्र हें मला आतां, सत्य कळल्यावर सुचतें आहे. १९४० सालीं मी तेथें असतों तर मींहि बहुधा टोपी काढली असती. एवढें कबूल करून पुढें जातों.

कसोटी उलट बाजूनेंहि मोडते. चीनमधील यी परगण्यांतील गुहांतून विसाव्या शतकाच्या आरंभीं झिलईदार मातीचे कांहीं अर्हत बाहेर आले. त्यांतील एक लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयांत आहे. जवळजवळ पुरुषभर आकाराचा, मांडी घालून बसलेला, हिरव्या-पिंगट-पांढरट झिलईनें सर्वांगीं मढलेला. झिलई म्हणजे मातीवर वितळून बसलेली कांचच. तिच्याखालीं बोटाची खूण दिसण्याची आशा कशाला? अंगठा मीं शोधला आणि मला मिळाला नाहीं. तरीहि त्या भिक्षूच्या कपाळावरील किंचित् आंठी आणि दूरवर लागलेली दृष्टि पाहून मी अर्धा तास बांकावर बसून होतों. याचा हिशेब मला लागत नाहीं; तो लावण्याचा आव आणीत नाहीं.

शीआनच्या मृण्मय सैन्याविषयीं इतकें लिहिलें गेलें आहे, कीं मी थोडक्यांत सांगतों. १९७४ मध्यें विहीर खणतांना शेतकऱ्यांस तें सांपडलें; इ. स. पू. २१० मध्यें वारलेल्या चिनी सम्राटाच्या थडग्याचे ते रक्षक. संख्या सुमारें आठ हजार. त्यांतले कांहीं सैनिक मीं लंडनमध्यें २००७ सालच्या प्रदर्शनांत पाहिले. पाय भरीव, धड पोकळ, मस्तक सांच्यांतून काढून मग हातानें सजविलेलें, असा तो कारखाना होता. प्रत्येक चेहरा निराळा, म्हणून लोक थक्क होतात. मला मात्र ते चेहरे ठराविक दहाबारा सांच्यांवर केलेल्या चतुर फेरफारांसारखे वाटले. मला थबकविलें तें अनेक मूर्तींवर कोरलेल्या अथवा ठसविलेल्या कारागिरांच्या नांवांनीं. हीं नांवें कीर्तीसाठीं नव्हतीं. काम सदोष निघाल्यास कोणास धरावें तें कळावें, एवढ्यासाठीं होतीं. आमच्याकडे निरक्षर माणूस कर्जरोख्यावर अंगठा उठवी, तो याच जातीचा. ज्या अंगठ्यास मी प्रेमाची खूण समजत होतों तो जप्तीचाहि असूं शकतो, हें तेथें शिकलों.

अलीकडच्या काळांत या संख्येच्या मार्गानें दोघे मोठे कलावंत गेले आहेत. आय वेइवेइ यांनीं २०१० मध्यें लंडनच्या टेट मॉडर्नच्या प्रचंड दालनांत चिनी मातीच्या दहा कोटि सूर्यफुलाच्या बिया पसरल्या. जिंगदझेन या चिनी मातीच्या प्राचीन गांवीं सुमारें १६०० माणसांनीं त्या घडविल्या आणि एकएक कुंचल्यानें रंगविली. लोकांनीं त्यांवरून चालावें असा बेत होता. पण धूळ उडून छातीस अपाय होईल म्हणून थोड्याच दिवसांत तें बंद झालें. मीं त्या दोरापलीकडून पाहिल्या. कल्पना थोर आहे, याविषयीं वाद नाहीं. पण मला तेथें कल्पनेचा आदर वाटला, मातीचा लोभ सुटला नाहीं. बी हातांत घेतां आली असती तर कदाचित् निराळें झालें असतें.

अँटनी गॉर्मली यांचें 'फील्ड' मात्र अंगावर येतें. इंग्लंडमधील सेंट हेलेन्स येथील सुमारें शंभर सामान्य माणसांनीं, त्यांत लहान मुलें आणि म्हातारींहि होतीं, १९९३ मध्यें विटांच्या मातीपासून सुमारें ४०,००० बाहुल्या केल्या. सूचना दोनचारच : हातांत मावेल एवढी करा, डोकें आणि धड यांचें प्रमाण सांभाळा, आणि डोळ्यांचीं दोन भोकें खोल पाडा. पुढच्या वर्षीं या कलावंतास टर्नर पारितोषिक मिळालें. खोलींत पाऊल टाकण्यास जागा नसते. आपण उंबऱ्यावर उभे राहतों आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत तीं सारीं आपल्याकडे पाहात असतात. कांहीं मागत नाहींत. फक्त पाहतात. येथें अंगठे इतके आहेत, कीं तोंड, नाक, हात कांहीं नसतां प्रत्येक बाहुली म्हणजे एक मूठच आहे. माझी एक तक्रार उरतेच : मुठी शंभरांच्या, आणि पाटीवर ठळक नांव एकाचें. शीआनच्या सम्राटानें निदान दोष द्यावयास तरी कारागिरांचीं नांवें राखलीं. परंतु हेंहि खरें, कीं त्या एकानें सांगितलें नसतें तर तीं शंभर माणसें त्या मातींत हात घालतीं ना.

आपल्या देशांत या प्रश्नाचें उत्तर एकट्यानें आणि फार हळूहळू शोधणारा कलावंत म्हणजे हिंमत शाह. १९३३ मध्यें गुजरातेंत लोथल येथें जन्म, बडोद्यास शिक्षण, आणि २०२५ च्या मार्चमध्यें जयपुरास देहावसान. लोथलचें टेकाड १९५५ पासून उकरलें गेलें आणि आंत हडप्पाकालीन नगर निघालें. म्हणजे या माणसाचें बालपण खापरांच्या शेजारांत गेलें होतें, तीं खापरें कशाचीं हें जगास कळण्यापूर्वीं. त्यांचीं भाजलेल्या मातीचीं मस्तकें मीं दिल्लीस २०१६ च्या प्रदर्शनांत एकत्र पाहिलीं. मस्तकें म्हणावयाचीं, पण नाकाडोळ्यांचा पत्ता बहुधा नसतो. एक लांबट घडण, तीवर कोठें चीर, कोठें खळगा, कोठें कांहीं दाबून उठविलेली नक्षी. आणि तरीहि त्यास मान आहे, ओझें आहे, वय आहे. सर्वच मला पटलीं असें नाहीं. कांहींवर चिरा आणि भोकें केवळ अलंकार म्हणून आलीं आहेत, आणि तेथें हात बोलण्याऐवजीं बडबडतो. पण पांचसहा मस्तकें अशीं होतीं, कीं त्यांच्यापुढें माझें अंगठा शोधणें आपोआप थांबलें. सारें मस्तकच एका दाबांतून उपजल्यासारखें होतें.

त्यांनीं कांहीं मस्तकें ब्राँझमध्येंहि ओतविलीं. तीं अधिक टिकतील, आणि त्यांस अधिक मोल येईल. तींहि देखणीं आहेत. पण ब्राँझमधील खळग्यांत मला शिक्क्यानें उठविलेली सही दिसली. धनी बाहेरगांवीं आहे आणि कारभाऱ्यानें त्याचा शिक्का मारला आहे, तशी.

गेल्या हिवाळ्यांत मी धाराशिव जिल्ह्यांत तेर येथें गेलों होतों. तेर म्हणजे सातवाहन काळचें तगर, एके काळीं जेथून माल भडोचच्या बंदरास जाई. लामतुरे यांच्या संग्रहांतून उभें राहिलेलें तेथील वस्तुसंग्रहालय पाहावयाचें होतें. तेथें पांढऱ्या चिकणमातीच्या लहान लहान मूर्ति आहेत, ठसठशीत केशरचनेच्या, कानांत जड कुंडलें ल्यालेल्या. त्या दुहेरी सांच्यांतून काढीत : पुढचा सांचा, मागचा सांचा, दोहोंत पातळ माती दाबावयाची आणि मग सांधावयाचें. पुढून पाहिलें तर सांच्यानें सारें गुळगुळीत केलेलें. करणाऱ्याचा मागमूस नाहीं. यांतील एका स्त्रीमूर्तीची पाठ फुटून गेली होती, आणि तुकडा कांचेमागें जरा तिरपा कलला होता. मी गुडघ्यावर बसलों आणि मान वांकडी करून पाहिलें. आंतल्या बाजूस पांचसहा खळगे एकापुढें एक होते. माझ्या बोटाहून बोट बारीक असावें. स्त्रीचें, किंवा एखाद्या पोराचें. पहिले चार घाईघाईनें दाबलेले, आणि शेवटचा, जेथें आंत मस्तकाची खोलगट बाजू होती तेथें, चांगला खोल.